छेद बघणारे सर

सरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न एका शब्दाचा होता. नेरूळच्या आमच्या कॉलेजात एम.कॉम.चा पहिला तास चालू होता आणि प्रत्येकाने उठून आपली ओळख करून द्यायची होती. मी उठले, नाव सांगितलं, जासईची आहे म्हणाले आणि बी.कॉम.ला त्र्याहत्तर टक्के मिळाले हेही जरा मान वर करून सांगितलं.

"कशाशी?" सर म्हणाले.

मला काही कळलंच नाही. "शंभराशी, सर," मी म्हणाले. वर्ग हसला.

"शंभर ही कागदाची सोय झाली, मालक. तुमचे त्र्याहत्तर कशाशी ताडून बघायचे? वर्गात पहिली आली तिच्या मार्कांशी, की तुमच्याच बारावीच्या मार्कांशी, की रोज किती तास पुस्तक उघडलंत त्याच्याशी? एकटा आकडा बिचारा पोरका असतो. त्याला सोबत द्या, मग तो बोलायला लागतो. बसा."

मी बसले. बारावीला मला एक्क्याऐंशी होते. सरांना ते माहीत असणं शक्य नव्हतं, पण मला उगाच वाटलं की यांना कळलंय.

सर मूळचे कराडकडचे. अंगाने काटक, उंची बेताची, बाराही महिने पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मग पूर्ण बाह्यांचा शर्ट घेता कशाला, असं एका मुलाने धीर करून विचारलं होतं. "दुमडायला," असं उत्तर आलं. सगळ्या मुलामुलींना ते 'मालक' म्हणत आणि अहोजाहो करत. कुठल्याही कंपनीचे कागद वाचताना आपण तिचे मालक आहोत असं समजून वाचावं, नोकरासारखं वाचू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. 'मालकीणबाई' म्हणा की, असं आम्ही मुली म्हणायचो, तर म्हणत, "मालकीणबाई म्हटलं की मालकाची बायको वाटते. तुम्ही स्वतः मालक."

विषय फायनान्शियल मॅनेजमेंट. त्यातला रेशोंचा भाग पुस्तकात जेमतेम चाळीस पानांचा, पण सर अख्खं सत्र तोच शिकवत राहायचे. फळ्यावर एक आडवी रेघ मारायची, रेघेच्या वर अंश, खाली छेद. चौथीतल्या पोराला शिकवावं तसं. मग खडूने छेदाभोवती गोल काढायचा.

"सगळं जग वरच्या आकड्याकडे बघतं. नफा किती झाला, विक्री किती झाली. वरचा आकडा वाढवायला घाम गाळावा लागतो. खालचा मात्र गुपचूप बारीक होतो, कोणाचं लक्ष नसतं, आणि उत्तर आपोआप मोठं येतं. म्हणून आधी छेद बघा."

यावरून त्यांना 'छेदसर' हे नाव पडलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

वर्गाबाहेर सर आणखी अजब होते. हॉटेलात गेले की मेनूकार्ड हातात न घेता वेटरला विचारायचे, "आज काय भराभर संपतंय?" तो सांगेल तेच मागवायचं. डोसा संपत असेल तर डोसा, पुरी-भाजी तर पुरी-भाजी. माल जिथे लवकर फिरतो तिथे ताजा असतो, हा त्यांचा रेशो. एकदा आम्ही पाच-सहाजण त्यांच्याबरोबर सानपाड्याला गेलो होतो. वेटर म्हणाला, "सर, आज सगळ्यात जास्त पाण्याच्या बाटल्या चालल्यात." सर उठले आणि आम्हाला घेऊन बाहेर पडले.

नेरूळच्या मासळी बाजारातही ते जायचे. स्वतः पक्के शाकाहारी. पण कुठली टोपली किती वेळात रिकामी होते ते बघत कोपऱ्यात उभे राहायचे. एक कोळीण वैतागून म्हणाली, "घ्याचा नाय तं उबं कनाला रेता हो रोज?" सर म्हणाले, "तुमच्या पापलेटापेक्षा तुमचे बोंबील चौपट वेगाने जातात. पापलेट कमी आणा." पुढच्या आठवड्यात तिने त्यांना बसायला एक रिकामा क्रेट दिला. पापलेट कमी केलं की नाही, ते काही मला माहीत नाही.

त्यांच्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी मोठ्या अभिमानाने जाहीर केलं की यंदा पाण्याचा वापर बराच खाली आणला. टाळ्या झाल्या. सर मागून म्हणाले, "चार कुटुंबं फ्लॅट बंद करून गावाला गेलीत, ती धरून की सोडून?" त्यानंतर त्यांना सभेची नोटीस सगळ्यात शेवटी मिळू लागली.

हे सगळं विनोदाचं झालं. पण सर आम्हाला एक प्रोजेक्ट द्यायचे, त्यात विनोद नव्हता. ज्या धंद्याला तुम्ही हात लावलाय, जिथला वास तुम्हाला माहीत आहे, त्याचे कागद आणायचे. इंटरनेटवरून मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद उतरवून आणलेले ते न वाचता परत करत. मी विचारलं, "सर, वास कशाला?" तेव्हा त्यांनी एकदाच, अगदी साध्या आवाजात, आपली गोष्ट सांगितली.

शिकवायला लागण्याआधी सर एका वित्तसंस्थेत कर्जाचे प्रस्ताव तपासायचे. शाळेची दप्तरं शिवणाऱ्या एका बाईंचा अर्ज आला. हातातला माल आणि येणं एका बाजूला, लवकर द्यायची देणी दुसऱ्या बाजूला, असा जो चालू रेशो असतो, तो संस्थेच्या नियमापेक्षा थोडासा कमी होता. अगदी थोडासा. सरांनी लाल पेनाने गोल केला आणि अर्ज परत पाठवला. पुढे दुसऱ्याच कामासाठी त्या भागात गेले असताना त्यांना एक टेम्पो दिसला. त्यात शिलाई मशिनं चढवत होते. त्या बाई बाजूला उभ्या होत्या. जमिनीवर एक दप्तर पडलं होतं ते सरांनी उचलून बघितलं.

"मी शेतकऱ्याचा पोरगा. दप्तराचा पट्टा कुठे तुटतो ते मला माहीत. त्या बाईंनी नेमकी तिथेच दुहेरी शिवण मारली होती. ते दप्तर दहा वर्षं तुटलं नसतं. जून लागायच्या आधी त्यांची देणी जास्त दिसणारच की हो. कापड उधारीवर आणलेलं, दप्तरं शाळा उघडल्यावर जाणार. मी दोन महिन्यांनी कागद मागितले असते तर रेशो उत्तम आला असता. मी एका दिवसाचा फोटो बघून माणसाची तब्येत ठरवली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"त्यांना जाऊन सांगितलं, चूक माझी होती. त्या म्हणाल्या, आता काय करू तुमच्या चुकीचं?" सर पुढे म्हणाले, "तेव्हापासून मी कागद वाचतो, आणि मग जातो. पण जातो."

ते जायचे तो दिवस आमच्या घरावरही आला.

माझ्या बाबांचा जासईच्या पुढे, खाडीच्या अंगाला बर्फाचा कारखाना. आमची शेती बंदराच्या कामात गेली तेव्हा मिळालेल्या पैशांतून बाबांनी आणि धाकट्या काकांनी तो उभा केलेला. मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, त्यात पाण्याने भरलेले लोखंडी डबे, अमोनियावर चालणारा कंप्रेसर. डब्यांतून निघणाऱ्या लांबट लाद्या मासेमारीच्या बोटींना आणि बाजाराला जायच्या. धंदा जोरात होता. बाबांनी घरावर मजला चढवला होता, काकांनी गाडी घेतली होती.

मी प्रोजेक्टसाठी ते कागद नेले आणि फळ्यावर उत्तर मांडलं. यंत्रसामग्रीच्या दर शंभर रुपयांमागे वर्षाचा नफा साठ रुपये. वर्गाने शिट्ट्या मारल्या. माझ्या आधी एका मुलाने एमआयडीसीतल्या नव्याकोऱ्या बर्फाच्या प्लांटचे कागद आणले होते. त्याचं उत्तर शंभरामागे सहा. तो तोंड पाडून बसला होता.

सरांनी खडू उचलला. मग छेदाभोवती गोल काढला.

"कंप्रेसर कधीचा?"

"माझ्या जन्माच्या आधीचा."

"पाइप?"

"तेव्हाचेच."

"म्हणजे घसारा कापून कापून पुस्तकात यंत्राची किंमत उरली भंगाराएवढी. तुम्ही भंगाराने भागलंत. उत्तर साठ येणारच. आणि घसारा संपला म्हणून नफ्यातून आता काही कापलंही जात नाही, तेव्हा वरचा आकडाही फुगला." ते माझ्याकडे वळले. आवाजात टोमणा नव्हता. "मालक, ही श्रीमंती नाही. हे म्हातारपण आहे. रविवारी येऊ का?"

रविवारी सर आले. आईने शाकाहारी पाहुणा म्हणून वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. बाबांनी फाटकातच हात जोडले. "या सर, या. आमची पोर सारका तुमचाच नाव घेते."

आत शिरताच सरांना शिंकांवर शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाबा हसले. "अमोनियाचा वास हो. आमाना तं येतच नाय."

"तेच तर," सर रुमालाने डोळे पुसत म्हणाले.

त्यांनी सगळं फिरून बघितलं. कंडेन्सरजवळच्या पाइपावर तळहात ठेवला आणि उचलला, तेव्हा तो तपकिरी झाला होता. गंजाचे पापुद्रे चिकटले होते. आईने हात धुवायला पाणी पुढे केलं तर म्हणाले, "थांबा जरा." चहा डाव्या हाताने प्यायला आणि उजवा तळहात तसाच मांडीवर उताणा ठेवला. बाबांची नजर पुन्हा पुन्हा त्या हाताकडे जात होती.

शेवटी बाबाच बोलले. "सर, मशीनचा आवाज आयकून मी सांगतंय ती बरी हाय का नाय. इतकी वर्सा चालली. अजून चालंल."

"चालेल. मी कुठे नाही म्हणतो? मला फक्त एक सांगा. हाच कारखाना आज नव्याने उभा करायचा झाला तर किती लागतील?"

बाबांनी तोंडी हिशेब केला. कंप्रेसर, पाइप, टाकीचं पत्र्याचं काम, डबे. आकडा तोंडातून निघाला आणि ते स्वतःच दचकले.

"आता तुमचा वर्षाचा नफा याने भागा," सर म्हणाले.

मी मोबाइलवर भागलं. शंभरामागे चार.

"यापेक्षा बँकेत ठेवलं तं जास्त मिलंल," बाबा म्हणाले. चिडून नाही, नवलाने.

"बँकेत ठेवायला उरले कुठे? तो तुमच्या घरावरचा मजला आहे ना, तो छान बांधलाय. पण त्यातला अर्धा या कंप्रेसरचा आहे. दर वर्षी थोडा थोडा झिजला आणि तुम्ही त्याला नफा म्हणालात. चोरी नाही केली तुम्ही, सगळेच करतात. पण आता हा कंप्रेसर फार दिवसांचा नाही. आणि तो फुटून अमोनिया सुटेल तेव्हा आत माणसं असतील."

बाबा उठले आणि बाहेर गेले. आईने माझ्याकडे रागाने बघितलं, कुठून आणलास हा माणूस, अशा नजरेने. सरांनी शांतपणे हात धुतला, पानावर बसले आणि चार भाकऱ्या खाल्ल्या. निघताना बाबा फाटकात उभे होते. त्यांनी सरांना स्कूटरवर बसवलं आणि थेट नेरूळपर्यंत सोडून आले. वाटेत काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. पण पुढच्या पावसाळ्यात, बोटी बंद असताना, बाबांनी एक ट्रक विकला, कर्ज काढलं आणि जुना कंप्रेसर उतरवला. पाइप काढताना एक तर हातातच मोडला. तो बाबांनी कितीतरी दिवस ऑफिसच्या खिडकीत ठेवला होता.

नवी मशीन बसली आणि आमचे कागद बिघडले. कर्जाचं व्याज होतं, घसारा पुन्हा सुरू झाला होता आणि खालचा आकडा एकदम मोठा झाला होता. साठावरून आम्ही पाचावर आलो. सरांनी मला आधीच बजावलं होतं की असं होणार. धंदा सगळ्यात निरोगी असतो तेव्हा कागदावर तो आजारी दिसू शकतो, हे त्यांचं वाक्य मी काकांना ऐकवलं. ते आणखीच भडकले.

"मास्तरानं डुबवला आमाना," काका घरभर म्हणत फिरायचे. त्यांचंही खोटं नव्हतं. त्याच सुमारास कंटेनरवाल्या एका माणसाने आमच्या जागेला गोडाऊनसाठी भाडं देऊ केलं होतं. भाडं चांगलं होतं. काकांचा अर्धा वाटा. कारखाना मोडायचा की ठेवायचा यावर दोघा भावांत बोलणं बंद व्हायची वेळ आली. जेवताना आई मध्ये बसायची आणि "मीठ दे म्हनाव त्याला" असे निरोप इकडून तिकडे पोचवायची. शेवटी काकाच म्हणाले, "बोलवा त्या मास्तराला. माज्यासमोर सांगूंदे."

सर आले. ओटीवर सगळे बसलो. मला वाटलं, आता सर पिशवीतून तक्ते काढतील आणि काकांना गप्प करतील.

काकांनीच सुरुवात केली. "सर, तुमी खालचा आकडा बगा म्हनता ना? मंग बगा. कारखान्यात पैसा कवरा, आनि मेनत कवरी? लायटीचा बिल, पानी, लाद्या, मानसा, कटकट. भाड्यात मेनत किती? शून्य. शून्यानं भागला तं काय येतं?"

"अनंत," सर म्हणाले.

"मंग!"

सर इतके खूश झाले की त्यांनी मांडीवर थाप मारली. "अहो, तुम्ही माझ्या वर्गात हवे होतात! बरोबर आहे तुमचं. अगदी बरोबर." आम्ही सगळे गार. बाबांचा चेहरा उतरला.

"पण मालक, असं आहे बघा," सर पुढे म्हणाले, "गोडाऊन बरं की बर्फ बरा, हे मला कुठलाच रेशो सांगत नाही. सांगतो म्हणणारा माणूस खोटं बोलतोय असं समजा. तुम्हाला सकाळी उठून काय करायचंय, ते ताळेबंदात कुठल्या बाजूला लिहिणार?" मग बाबांकडे वळून म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय?"

बाबा वर न बघता म्हणाले, "माना सकालचा बर्फ निंगताना बगाचा हाय."

काकांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हे भावाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"आणि नवी मशीन चालते का, हे पैशाच्या रेशोत अजून एक-दोन वर्षं दिसणार नाही," सर म्हणाले. "तोवर दुसरा बघा. पुस्तकात नाही तो. रोज मीटरवर किती युनिट पडले आणि किती लाद्या निघाल्या. लाद्या वर, युनिट खाली. बस. पण हे तुम्ही स्वतः मोजायचं," बोट काकांकडे होतं. "ज्याला शंका आहे त्यानेच मोजलं पाहिजे. तुमचे भाऊ मोजतील तर तुमचा विश्वास बसणार नाही. दोन सीझन मोजा आणि मग ठरवा. मोडायचं ठरलं तर मी स्वतः येऊन पेढे खाईन."

"आनि नाय मोडला तं?"

"तरी खाईन."

काका हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरसमोर जाऊन उभे राहिले. आपणच मास्तराला खोटं पाडणार या ईर्षेने ते मोजायला लागले. आठवडाभरात घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांऐवजी काकांचा आकडा यायला लागला. आत्या पनवेलहून विचारायची, "आज कमी का रे?" मग काका कारण शोधायला धावायचे. जुन्या मशीनची लाइटबिलं त्यांनी धुंडाळून काढली आणि तेव्हाचा आकडा काढला. एका युनिटमागे आता जवळजवळ दीडपट बर्फ निघत होता. ते त्यांनी ग्रुपवर टाकलं नाही. मला बाजूला घेऊन दाखवलं आणि म्हणाले, "बापसाला सांगू नको आत्ताच."

मग त्यांना कळलं की शुक्रवारी आकडा पडतो. का पडतो ते समजायला ते एक अख्खा शुक्रवार टाकीशेजारी खुर्ची टाकून बसले. शुक्रवारी मोठ्या गाड्या एकदम येतात, घाईघाईत टाकीवरची लाकडी झाकणं उघडी राहतात आणि थंडावा उडून जातो. काकांनी झाकणं नवी करून घेतली, गाड्यांना वेळा बांधून दिल्या. माणसं म्हणायला लागली की धाकटे शेठ फार कडक झालेत. गोडाऊनवाल्याचा फोन आला तेव्हा काका टाकीवर वाकलेले होते. "नंतर करतंय," म्हणाले, आणि तो फोन त्यांनी कधीच केला नाही.

दुसरा सीझन संपला तेव्हा आमचे कागद अजून साठावर नव्हते. ते आता कधीच येणार नाहीत, आणि येऊ नयेत. पण कर्ज फिटत आलं होतं, पुढे कधीतरी लागणाऱ्या मशीनसाठी दर महिन्याला पैसे वेगळ्या खात्यात जात होते, आणि दोघे भाऊ पुन्हा एका ताटात जेवत होते. एम.कॉम. झाल्यावर धरलेली नोकरी सोडून मी घरच्या धंद्यात आले. बर्फाशेजारी एक लहानसं कोल्ड स्टोरेज काढलं. सर पेढे खायला आले. किती खाल्ले ते काका अजून सगळ्यांना सांगतात, आणि दर वेळी आकडा वाढतो.

सर आता साताऱ्याला मुलाकडे असतात. गुडघ्यांनी दगा दिलाय, फोनवर आवाज मात्र तसाच. त्यांची आठवण काढताना वर्ग आठवतो, हॉटेलं आठवतात, पण मला सगळ्यात आधी दिसतो तो त्यांच्या रिटायरमेंटनंतरचा एक हिवाळा.

सकाळी कारखान्याच्या फाटकात सर उभे. हातात जेवणाचा डबा.

"कामावर घेता का?" बाबांना म्हणाले.

बाबांना वाटलं, थट्टा आहे. "सर, तुमी ऑफिसात बसा. खुर्ची हाय."

"ऑफिसात नाही हो. आयुष्यभर लोकांच्या धंद्याचे कागद वाचले. पण मी स्वतः एक वस्तू कधी बनवलेली नाही. खिळा नाही, दोरी नाही, काही नाही. मला एक लादी काढायचीय."

काकांनी गमबूट आणून दिले, ते दोन नंबर मोठे होते. सरांनी पुढे कापडाचे बोळे कोंबले आणि आत शिरले. सुरुवातीचे काही दिवस त्यांचे हाल झाले. लादी सुटावी म्हणून बर्फाचा डबा साध्या पाण्यात बुडवून किती वेळ धरायचा हे त्यांना साधत नव्हतं. लवकर उलटा केला की लादी अडकायची, उशीर झाला की कोपरे वितळायचे. पहिली लादी त्यांच्या हातून मधोमध फुटली. सर शाळेतल्या पोरासारखे हिरमुसले. बाबा म्हणाले, "जाऊंद्या हो, क्रशरला टाकू. बोटीवर तं चुराच जातो."

"चुरा जाणार असला तरी आधी अख्खी निघायला पाहिजे," सर म्हणाले आणि पुढच्या डब्याकडे वळले.

निघाली ती एका मंगळवारी. सळसळत डब्यातून सुटली आणि फळीवर आडवी झाली. कडा शाबूत होत्या आणि आतून काचेसारखी स्वच्छ. सर तिच्याकडे बघत राहिले. मग खिशातून फोन काढून त्यांनी कराडला बहिणीला व्हिडिओ कॉल लावला.

"बघ, मी केलाय."

"अगं बाई, केवढा हा! काय करणार एवढ्या बर्फाचं?"

"बोटीवर जाणार. समुद्रात."

त्या दिवशी त्यांनी घरी जायला नकार दिला. लादीबरोबर ट्रकमध्ये बसून जेट्टीवर गेले. मीही गेले. आपली लादी त्यांनी ट्रकमध्ये शेवटपर्यंत डोळ्यांआड होऊ दिली नाही. ती क्रशरमध्ये गेली, तिचा चुरा झाला आणि पाइपातून बोटीच्या पोटात पडला, तेव्हा म्हणाले, "गेली." त्यात दुःख नव्हतं. मुलगा परगावी नोकरीला निघाल्यावर बाप म्हणेल तसं ते होतं.

बोटीचं इंजिन सुरू झालं. दोर सुटला. ढिल्या गमबुटांत सर धक्क्याच्या अगदी टोकापर्यंत चालत गेले आणि त्यांनी हात वर केला. तांडेलाला ठाऊक नव्हतं की हा म्हातारा कोण. पण त्यानेही सुकाणूवरचा एक हात काढला आणि बोट खाडीच्या तोंडाशी वळेपर्यंत हलवत ठेवला.